कमरेची पट्टी

(परकर किंवा स्कर्ट कमरेवर टेकतो तो पट्टीच्या आधाराने. ही पट्टी हाताने कशी लावावी, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. शिवणकामातले कितीतरी मराठी शब्द तुमच्या घरच्या बोलीतलेच आहेत, हे पाठ वाचताना तुमच्या ध्यानात येईल.)

सदरा खांद्यावर टेकतो. परकर मात्र कमरेवर टेकतो. दीड-दोन मीटर कापडाचा सगळा भार दोन बोटे रुंदीच्या एका पट्टीवर असतो. खालचा घेर कितीही सुंदर असला, त्याला वेलबुट्टी असली, काठाला जर असली, तरी ही पट्टी उसवली की परकर नेसता येत नाही. म्हणून जुने शिंपी शिकाऊ मुलाची परीक्षा घेताना परकराचा घेर पाहत नाहीत. ते पट्टी उलटी करून आतले टाके पाहतात.

आपल्याकडे कमरेला कपडा बांधण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे नेफा आणि नाडी. कापडाची वरची कड दुमडून टीप मारली की आत एक बोगदा तयार होतो. तोच नेफा. त्यात नाडी ओवली की काम झाले. सलवार, पायजमा, साडीखालचा परकर, सगळे याच रीतीने शिवतात. नेफा शिवायला वेळ लागत नाही आणि नाडी हवी तेवढी सैल किंवा घट्ट करता येते. हा मोठा फायदा आहे. पण तोटाही आहे. नाडी अरुंद असते. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही वाचले असेल की, बल तेच ठेवून क्षेत्रफळ कमी केले तर दाब वाढतो. अर्धा सेंटिमीटर रुंद नाडी आणि तीन सेंटिमीटर रुंद पट्टी यांची तुलना करा. पट्टी सहापट जागेवर टेकते, म्हणून तिचा दाब नाडीच्या एक षष्ठांश होतो.

हा केवळ गणिताचा खेळ नाही. रोज घट्ट नाडी बांधणाऱ्या स्त्रियांच्या कमरेवर काळा वळ पडतो, तो आपण घरातही पाहतो. २०२४ साली वर्धा येथील आणि बिहारमधील डॉक्टरांनी दोन वयस्कर स्त्रियांच्या आजाराची हकीकत एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. अनेक वर्षे घट्ट नाडीच्या घर्षणामुळे त्यांच्या कमरेवर जखम झाली, ती भरली नाही आणि शेवटी तिचे रूपांतर त्वचेच्या कर्करोगात झाले. असे फार क्वचित घडते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण घरातील वडीलधाऱ्यांच्या कमरेवर न भरणारी जखम असेल, तर ती डॉक्टरांना जरूर दाखवावी आणि नाडी सैल बांधावी.

आता थोडे शब्दांविषयी. मराठीत ‘कंबर’ म्हणतात, तुम्ही ‘कमर’ म्हणता. शब्द एकच आहे आणि तो फारसीतून आला आहे. नेफा, अस्तर, बखिया, अंगुस्तान हे शब्दही फारसीतूनच आले. ‘काज’ हा शब्द मात्र पोर्तुगीजांबरोबर आला. तुमची ‘कैची’ तुर्की आहे आणि मराठीची ‘कात्री’ संस्कृत. एका परकरात किती भाषांचे टाके पडले आहेत पाहा! एक शब्द मात्र नीट लक्षात ठेवा. तो म्हणजे ‘माया’. घरात आजी नातवावर माया करते. शिंपी मात्र शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतो, त्यालाही माया म्हणतो. ‘कपड्यात माया ठेवली आहे ना?’ असे गिऱ्हाईक विचारते, तेव्हा ते प्रेमाची चौकशी करत नसते.

पट्टी लावण्यापूर्वी ती कशी कापायची हे समजून घेतले पाहिजे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथल्या मुलांना हे सांगण्याची गरज नाही. त्यांच्या कानांत यंत्रमागाचा खडखडाट जन्मापासून असतो. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात. तो ताणा. त्यांतून आडवा धागा इकडून तिकडे जातो. तो बाणा. ताण्याच्या धाग्याला मागावर सतत ओढ सहन करावी लागते, म्हणून तो जास्त पीळ दिलेला आणि मजबूत असतो. कापडाचा तुकडा दोन्ही हातांत धरून आधी लांबीत आणि मग रुंदीत ओढून पाहा. ज्या बाजूने कापड कमी ताणले जाते, ती ताण्याची बाजू. तिरके ओढले तर ते सर्वांत जास्त ताणले जाते. पट्टीची लांबी नेहमी ताण्याच्या दिशेने घ्यावी. आडवी कापलेली पट्टी वापरून वापरून सैल पडते आणि परकर खाली उतरू लागतो. तिरकी कापलेली तर मुळीच कामाची नाही.

कापड सुती असेल तर कापण्याआधी ते पाण्यात भिजवून वाळवावे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. शिवल्यानंतर आटले तर दोष शिवणाऱ्याला लागतो.

मापाचे एक उदाहरण घेऊ. एका मुलीच्या कमरेचा घेर ६६ सेंटिमीटर आहे. शिंपी त्याला २६ इंच म्हणतील. फीत कमरेवर घट्ट आवळून माप घेऊ नये. जेवल्यानंतर, मांडी घालून बसल्यानंतर कंबर थोडी वाढते, म्हणून २ सेंटिमीटर सैलपणा ठेवावा. झाले ६८. पट्टीचे एक टोक दुसऱ्यावर येऊन हूक लागतो, त्यासाठी ३ सेंटिमीटर. दोन्ही टोकांना शिवणीसाठी दीड-दीड सेंटिमीटर. बेरीज झाली ७४. यात आणखी ४ सेंटिमीटर माया घालावी. ती कशासाठी, हे पुढे येईल. म्हणजे पट्टीची लांबी ७८ सेंटिमीटर. रुंदी किती? तयार पट्टी ३ सेंटिमीटर हवी. ती दुहेरी असते, म्हणून ६ आणि दोन्ही कडांना दीड-दीड. एकूण ९. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. ते कसे काढले, तेवढे समजले की कोणत्याही कमरेसाठी काढता येतील.

परकराचा घेर पट्टीच्या दुपटीपेक्षा थोडा अधिक घेतला की चुण्या चांगल्या पडतात. आपल्या उदाहरणात १५० सेंटिमीटर पुरे. बाजूच्या शिवणीत वरून १५ सेंटिमीटर फट मोकळी सोडावी, नाहीतर परकर अंगात कसा घालणार? मग वरच्या कडेपासून १ सेंटिमीटरवर एक आणि २ सेंटिमीटरवर दुसरा असे दोन धावदोरे घालावेत. धावदोरा म्हणजे सुई खालीवर करत सरळ पुढे नेणे. दोरा दुसऱ्या टोकाला मोकळा ठेवावा. दोन्ही दोरे एकदम, हळूहळू ओढले की कापड गोळा होते आणि चुण्या पडतात. दोरा सुटू नये म्हणून एक टाचणी टोचून तिच्याभोवती तो मराठी ४ या आकड्याप्रमाणे गुंडाळून ठेवावा.

चुण्या सारख्या पडाव्यात यासाठी एक युक्ती आहे. धावदोरे ओढण्यापूर्वीच परकराची वरची कड चार भागांत दुमडून खडूने खुणा कराव्यात. पट्टीवरही ६८ सेंटिमीटरचे चार भाग करावेत. प्रत्येक भाग १७ सेंटिमीटरचा होतो. मग खुणेला खूण जुळवून टाचण्या लावाव्यात. चुण्या त्या त्या भागातच पसरतात. नाहीतर पोटावर सपाट आणि पाठीमागे गाठोडे, असा परकर तयार होतो. परकराची सुलटी बाजू आणि पट्टीची सुलटी बाजू एकमेकींसमोर यायला हवी, हे विसरू नका.

आता खरे काम. पट्टी कोणत्या टाक्याने जोडायची?

आमच्या शेजारी एक आपा राहतात. त्यांच्याकडे मोहल्ल्यातल्या मुली शिवण शिकायला येतात. एकदा एका मुलीने पट्टी जोडून आणली. टाके सरळ होते, एकसारखे होते. ती खुशीत होती.

“आपा, बघा ना, अर्ध्या तासात झाली!”

आपांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. “टाके फार सुरेख घातलेस, बेटा. पण हा धावदोरा आहे. कात्री दे बरे.”

त्यांनी मधला एकच टाका कापला आणि परकर दोन्ही हातांनी ओढला. बघता बघता वीतभर शिवण उसवली.

“आता हे कापड घे,” असे म्हणून आपांनी आपल्या शिवणाच्या पेटीतला एक जुना तुकडा काढला. “यात बखिया आहे. याचाही एक टाका काप आणि ओढ.”

मुलीने टाका कापला. ओढले. पुन्हा जोर लावून ओढले. तेवढा एक टाका सुटला. बाकीचे जागचे हलले नाहीत.

“असे का, आपा?”

“धावदोऱ्यात दोरा सरळ रस्त्याने पळतो. एका जागी सुटला की सगळीकडे सरकतो. बखियात तो प्रत्येक पावलाला मागे वळून बघतो.”

यापेक्षा चांगले स्पष्टीकरण देता येईल असे मला वाटत नाही. तरी कृती सांगतो. बखियाला मराठीत उलटी टीप म्हणतात. सुई खालून वर काढावी. मग एक टाका मागे जाऊन ती खाली घालावी आणि खालच्या खाली दोन टाके पुढे नेऊन पुन्हा वर काढावी. परत एक टाका मागे. असेच पुढे जायचे. वरून पाहिले तर टाक्याला टाका लागून मशीनची टीप असावी अशी रेघ दिसते. खालून पाहिले तर दोरे एकमेकांवर चढलेले दिसतात. तिथेच या टिपेची ताकद असते. एक टाका तुटला तरी शेजारचा टाका दोऱ्याला धरून ठेवतो.

या टिपेला दोरा मात्र बराच लागतो. टाका वर एक पाऊल मागे जातो आणि खाली दोन पावले पुढे, म्हणजे शिवणीच्या तिप्पट दोरा. एका सेंटिमीटरात ४ टाके घातले तर आपल्या ६८ सेंटिमीटरच्या शिवणीत २७२ टाके होतात. दोरा दुहेरी घ्यावा. दुहेरी केल्यावर त्याची लांबी बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत असावी. पुन्हा पुन्हा ओवायला नको म्हणून काही जण हातभर लांब दोरा घेतात. त्याला गाठी पडतात आणि त्या सोडवण्यात ओवण्यापेक्षा जास्त वेळ जातो. कोपराएवढा दोरा घेतला तर सुमारे सहा वेळा सुई ओवावी लागेल. दोऱ्यावरून मेणाचा खडा एकदा फिरवला तर तो गुंतत नाही. सुई घेताना तिचा नंबर पाहा. हातशिवणीच्या सुईत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ९ नंबरची सुई ७ नंबरपेक्षा बारीक असते. चुण्यांच्या जाड थरातून सुई ढकलताना बोट दुखते, तिथे अंगुस्तान घालावे.

टीप दोन धावदोऱ्यांच्या बरोबर मधून, म्हणजे कडेपासून दीड सेंटिमीटरवर गेली पाहिजे. टीप पूर्ण झाली की खालचा धावदोरा काढून टाकावा. वरचा पट्टीच्या आत झाकला जातो, तो राहिला तरी चालेल.

नंतर हूक येणारे टोक घ्यावे. तिथे पट्टी उलट्या बाजूने लांबीत दुमडून शिवावी आणि मग सुलटी करावी. कोपरा बाहेर काढायला कात्रीचे टोक वापरू नये, कापडाला भोक पडते. बोथट काडी पुरे. दुसऱ्या टोकाला मात्र असे शिवायचे नाही. तिथली ४ सेंटिमीटर माया शिवणीच्या कापडासह आत दुमडावी आणि कडा जुळवून टाके घालावेत.

पट्टीची मोकळी कड दीड सेंटिमीटर आत दुमडून परकराच्या उलट्या बाजूला आणावी. ती आपल्या टिपेवर नेमकी येऊन बसते. आता हातशिलाई. तिला घरी तुम्ही तुरपाई म्हणता. सुईने आधी टिपेचा वर आलेला दोरा उचलावा आणि मग दुमडीच्या कडेचे एक-दोन धागे घ्यावेत. परकराच्या कापडात सुई घालायची नाही. केवळ टिपेचा दोरा पकडला की बाहेरून एकही टाका दिसत नाही. ही गोष्ट जमायला दोन-तीन परकर शिवावे लागतात. शेवटी वरच्या टोकाला आतून हूक आणि खालच्या टोकावर त्याची कडी. लोखंडी कडी मिळाली नाही तर दोऱ्याचीच करता येते. तीन-चार लांब टाके एकाच जागी घालून त्यांवर काजाचे टाके विणले की पक्की कडी तयार होते.

तुम्ही म्हणाल, मशीन असताना हा खटाटोप कशाला? प्रश्न बरोबर आहे. एलियास हाऊ यांनी १८४६ साली अमेरिकेत शिलाई मशीनचे पेटंट मिळवले. हाताच्या सुईला नेढे मागे असते. त्यांच्या मशीनच्या सुईला ते टोकाजवळ होते. मशीन वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकवते. तिची टीप मजबूत असते आणि हाताला दोन तास लागतात ते काम ती पाच मिनिटांत करते. लांब शिवणी मशीनवरच माराव्यात. ज्याचे पोट शिवणावर चालते त्याला हातटिपेचा हट्ट परवडणार नाही. पण मशीन प्रत्येक घरी नसते. कधी ती नादुरुस्त असते, कधी चुण्यांच्या जाड थरात तिची सुई मोडते. आणि पट्टी ही अशी जागा आहे की, तिथे आज शिवलेले उद्या उसवावे लागणार असते.

आता ती ४ सेंटिमीटर माया आठवा. नाडी सैल करता येते, पट्टी करता येत नाही. वाढत्या वयाच्या मुलीची कंबर वर्षभरात बदलते. शाळेचा गणवेश जूनमध्ये शिवला आणि पुढच्या जूनमध्ये हूक लागेना, तर घरी नव्या कापडाचा खर्च येतो. दोन-तीन बहिणी शाळेत असतील तर तो खर्च लहान नसतो. माया ठेवलेली असेल तर एका दुपारी काम होते. आधी तुरपाई उसवावी. मग बखियाचा दर चौथा टाका बारीक कात्रीने कापून उलट्या बाजूने दोरे ओढून काढावेत. मशीनची बारीक टीप उसवताना कापड फाटण्याची भीती असते. हाताचे टाके डोळ्यांना दिसतात आणि सुईच्या टोकावर उचलता येतात. पट्टीच्या टोकातली माया बाहेर काढली की ६८ चे ७२ सेंटिमीटर होतात. वरच्या धावदोऱ्याच्या चुण्या थोड्या सैल कराव्यात, नव्या खुणा १८-१८ सेंटिमीटरवर कराव्यात आणि पुन्हा टीप घालावी.

उलगडलेल्या मायेचा रंग बाकीच्या पट्टीपेक्षा गडद दिसतो, कारण तिला वर्षभर ऊन लागलेले नसते. ती बाजू नेहमी हुकाच्या खालच्या टोकाला ठेवावी. तिच्यावरून सदरा येतो, त्यामुळे कोणाला दिसत नाही. मोठ्या बहिणीचा परकर धाकटीसाठी हवा असेल तर हेच काम उलट करायचे. माया पुन्हा आत घालायची.

बाजारातील शिंप्याच्या दुकानात मशीनवर बहुधा पुरुषच बसलेले असतात. तेव्हा मुलांनीही सुई हातात घ्यायला लाजू नये.

शब्दार्थ

घेर – कपड्याचा खालचा फैलाव, कमरेभोवतीचे माप
चुणी – कापड गोळा केल्याने पडलेली घडी (अनेकवचन : चुण्या)
टीप – टाक्यांची सलग ओळ
माया – शिवणीच्या आत ठेवलेले जादा कापड, प्रेम
उसवणे – शिवलेले टाके सुटणे किंवा काढणे
नेढे – सुईचे भोक
सुलटी बाजू – कापडाची बाहेरून दिसणारी बाजू
वीत – पसरलेल्या पंजाएवढी लांबी
खटाटोप – मोठी खटपट

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जुने शिंपी शिकाऊ मुलाच्या कामात काय पाहतात?
(आ) पट्टीची लांबी कोणत्या धाग्याच्या दिशेने घ्यावी?
(इ) मायेचा रंग गडद का दिसतो?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आपांनी धावदोरा आणि बखिया यांतील फरक कसा दाखवला?
(आ) शाळेच्या गणवेशात माया का ठेवावी?

प्र. ३. ‘माया’ हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरून दोन वाक्ये तयार करा.

प्र. ४. पुढील शब्दांचे लिंग ओळखा व प्रत्येकाआधी योग्य विशेषण लिहा. (उदा. बारीक सुई, लांब दोरा)
पट्टी, नेफा, नेढे, कात्री, टाका, कापड

प्र. ५. एका मुलीच्या कमरेचा घेर ६० सेंटिमीटर आहे. पाठातील रीतीने तिच्या पट्टीची लांबी काढा.

उपक्रम : घरातील किंवा मोहल्ल्यातील शिवणकाम करणाऱ्या व्यक्तीला भेटा. तिच्या तोंडून शिवणाचे दहा शब्द ऐका आणि त्यांची मराठी व उर्दू रूपे शेजारी शेजारी लिहा.